बिंदू आणि चढ : देवळालीचे कापरेकर गुरुजी

(तृतीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

गणिताशी असलेला आपला संबंध दहावीच्या परीक्षेबरोबर संपला, अशी माझी पक्की समजूत होती. काठावर का होईना, त्या विषयात मी उत्तीर्ण झाले आणि घरी पेढे आले. त्या पेढ्यांत आनंदापेक्षा सुटकेचा भागच अधिक होता. कला शाखेत प्रवेश घेताना माझ्यासारख्या अनेकांच्या मनात हीच भावना असते, हे वर्गबंधूंना आणि मैत्रिणींना वेगळे सांगायला नको. परंतु अर्थशास्त्राने दगा दिला. मागणीची रेषा, पुरवठ्याची रेषा, उत्पन्नाची रेषा. जिकडे पाहावे तिकडे आलेखच आलेख!

एके दिवशी सरांनी फळ्यावर एवढेच लिहिले : बिंदू (२, ३), चढ २/३. आणि रेषा काढायला सांगितली. वर्गात शांतता पसरली. मी धीर करून उठले, फळ्याजवळ गेले, दोन अक्ष काढले आणि ते जिथे छेदतात त्या आरंभबिंदूपासून ३ घरे उजवीकडे, २ घरे वर जाऊन रेघ मारली. सर हसले. माझा चढ बरोबर होता, ठिकाण चुकले होते. मी काढलेली रेषा हव्या त्या रेषेला समांतर होती. कितीही लांबवली असती तरी ती तिला कधीच भेटली नसती.

मग सरांनी ते पुन्हा करून दाखवले. प्रथम दिलेला बिंदू मांडायचा : २ घरे उजवीकडे, ३ घरे वर. तिथे ठळक टिंब द्यायचे. चढ २/३ याचा अर्थ, ३ घरे उजवीकडे सरकले की २ घरे वर चढायचे. खालचा आकडा आडव्या चालीचा, वरचा उभ्या चालीचा. (२, ३) वरून निघून आपण (५, ५) वर पोचतो, तेथून (८, ७) वर. पट्टी ठेवून ही टिंबे जोडली की रेषा तयार. चढ ऋण असला, तर उजवीकडे जाताना वर चढण्याऐवजी खाली उतरायचे. मागणीची रेषा तशीच उतरते. तीच गोष्ट समीकरणात लिहायची तर य − ३ = २/३ (क्ष − २). एक बिंदू आणि एक चढ, एवढ्या दोन गोष्टी कळल्या की अख्खी रेषा, दोन्ही बाजूंनी अनंतापर्यंत, ठरून जाते. तिसरे काही लागत नाही.

तास संपता संपता सरांनी सहज विचारले की, देवळालीहून कोण कोण येते. मी हात वर केला. तेव्हा त्यांनी मला कापरेकर गुरुजींबद्दल विचारले, आणि मला काहीच सांगता आले नाही. मी रोज देवळाली कॅम्पाहून लॅम रोडने नाशिकरोडला येते. ज्या माणसाचे नाव जगभरच्या गणिताच्या पुस्तकांत छापले जाते, तो माणूस माझ्याच गावात बत्तीस वर्षे मुलांना शिकवीत होता, हे मला ठाऊक नव्हते. फळ्यावर चुकल्यापेक्षा मला या गोष्टीची लाज अधिक वाटली. हा लेख त्या लाजेतून लिहिला आहे.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. दत्तात्रय आठ वर्षांचे असतानाच आई गेली आणि वडिलांनी त्यांना वाढवले. वडील कारकून होते आणि त्यांना फलज्योतिषाचा नाद होता. फलज्योतिष खरे की खोटे हा वाद बाजूला ठेवू; पण कुंडली मांडायची तर आकडेमोड चोख करावी लागते, यात वाद नाही. ग्रह आज सकाळी कुठे आहे आणि तो दिवसाला किती सरकतो, हे पंचांगात पाहायचे आणि त्यावरून मधल्या एखाद्या घटकेला तो कुठे असेल ते काढायचे. आज मी या रीतीकडे पाहते तेव्हा ती मला ओळखीची वाटते. ठाऊक असलेले स्थान म्हणजे बिंदू, रोजची गती म्हणजे चढ. आई नसलेल्या त्या मुलाला वडिलांच्या मांडीशी बसून अंकांचा लळा लागला, तो कायमचा.

माध्यमिक शिक्षण ठाण्याला झाले. तिथेही त्यांना कोडी सोडवण्याचा आणि लांबलचक गुणाकार-भागाकारांना आडवाटा शोधण्याचा छंद होता. १९२३ साली ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले. या महाविद्यालयाचे नाव तेव्हा रँग्लर परांजपे यांच्या नावाशी जोडलेले होते. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ साली केंब्रिजच्या परीक्षेत सीनियर रँग्लर झाले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. त्यांच्या नावे गणितातील स्वतंत्र कामासाठी एक पारितोषिक दिले जाई. १९२७ साली ते पारितोषिक कापरेकरांना मिळाले.

त्या कामाचा विषय वाचून मी चकित झाले, कारण तो सरळ रेषांच्या जवळचा होता. एकामागून एक अनेक रेषा, प्रत्येकीचा चढ वेगळा, अशा काढत गेले की त्या सर्वांना स्पर्श करीत जाणारा एक वक्र आपोआप उमटतो. गणितात त्याला एन्व्हलप म्हणतात. शब्द अवघड वाटला तरी वस्तू आपल्या पाहण्यातली आहे. फळीवर खिळे ठोकून दोऱ्याची नक्षी करतात ना, तीच ही. आलेख कागदावर आडव्या अक्षावरचा १ उभ्या अक्षावरच्या १० ला जोडा, २ ला ९ शी, ३ ला ८ शी, असे करीत १० ला १ शी जोडा. दहाही रेघा पट्टीने मारलेल्या, एकही वाकडी नाही. पण त्यांच्या कडेने एक सुरेख कमान तयार झालेली दिसते. ती कमान आपण काढलेली नसते. पहिल्या रेघेचा चढ −१०, शेवटच्या रेघेचा −१/१०. मधल्या रेघा थोडा थोडा चढ बदलत गेल्या, आणि त्यातून वक्र जन्मला. बावीस वर्षांच्या एका तरुणाला या विषयात स्वतंत्रपणे काही सांगता आले आणि त्याची दखलही घेतली गेली.

१९२९ साली त्यांनी मुंबई विद्यापीठाची पदवी घेतली. एखादा तल्लख विद्यार्थी अशा वेळी काय करतो? पुढे एम. ए. वा एम. एस्सी. करतो, संशोधनाला जातो, निदान महाविद्यालयात जागा पाहतो. कापरेकर यांतले काहीच झाले नाहीत. पदव्युत्तर शिक्षण त्यांनी घेतले नाही. १९३० साली ते देवळालीच्या शाळेत गणिताचे शिक्षक झाले आणि १९६२ साली, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, तेथूनच निवृत्त झाले. नोकरीचा हिशेब एवढाच.

देवळालीविषयी येथे दोन शब्द सांगायला हवेत. इंग्रजी अमदानीत येथे गोऱ्या सैनिकांची छावणी होती. मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहत सैनिक येथे महिनोन् महिने पडून राहात. उकाडा, ताप आणि रिकामपण यांनी डोके फिरू लागे. त्यावरून देवळाली आणि ताप मिळून इंग्रजीत एक शब्दप्रयोग रूढ झाला, आणि डूलाली हा शब्द वेडसर या अर्थाने त्यांच्या कोशात जाऊन बसला. माझ्या गावाने जगाला वेडेपणाचा एक शब्द दिला, असे आम्ही गमतीने म्हणतो. त्याच गावात एक शाळामास्तर सायकलवरून शिकवण्यांना जात असे, नदीकाठी बसून आकड्यांच्या विचारात हरवून जात असे, आणि पुष्कळांना तोही थोडा तसाच वाटत असे. आज त्या गावाच्या नावावर दुसरा शब्दही जमा आहे, देवळाली संख्या. तो कसा आला ते पुढे सांगते.

कापरेकरांचे सगळे भांडवल म्हणजे कागद, पेन्सिल आणि एक ते नऊ अंक. गावांची आणि स्थानकांची नावे संख्यांना देण्याची त्यांना हौस होती. मुंबईपासून तीस मैलांवर, तेव्हाच्या जी. आय. पी. रेल्वेवर डेम्लो नावाचे स्थानक होते, आजचे डोंबिवली. तेथे त्यांना एका जातीच्या संख्यांचा अभ्यास करावासा वाटला, म्हणून त्या डेम्लो संख्या झाल्या. ११ चा वर्ग १२१, १११ चा वर्ग १२३२१, ११११ चा वर्ग १२३४३२१. जिना चढावा आणि उतरावा तशा या संख्या. जिचे अंक मिळवले की येणाऱ्या बेरजेने तिला निःशेष भाग जातो, अशा संख्येला त्यांनी हर्षद म्हटले, म्हणजे हर्ष देणारी. १२ चे अंक मिळवा, ३ येतात, आणि ३ ने १२ ला भाग जातो. ४५ चा वर्ग २०२५. त्याचे दोन तुकडे २० आणि २५, मिळवले की पुन्हा ४५. २९७ चा वर्ग ८८२०९. ८८ आणि २०९ मिळून पुन्हा २९७. अशा संख्यांना आज कापरेकर संख्या म्हणतात.

पण त्यांचे नाव अमर केले ते ६१७४ या संख्येने. कोणतीही चार अंकी संख्या घ्या; चारही अंक सारखे नकोत, एवढीच अट. तिचे अंक उतरत्या क्रमाने लिहा, मग चढत्या क्रमाने लिहा आणि मोठीतून लहान वजा करा. उत्तरावर हीच क्रिया पुन्हा करा. उत्तर तीन अंकी आले तर पुढे शून्य धरा. जास्तीत जास्त सात वेळा वजाबाकी केली की तुम्ही ६१७४ वर पोचता, आणि तेथून हलत नाही, कारण ७६४१ मधून १४६७ गेले की पुन्हा ६१७४ च उरतात.

मी त्यांचे जन्मवर्ष घेऊन पाहिले : १९०५. ९५१० वजा ०१५९, उत्तर ९३५१. ९५३१ वजा १३५९, उत्तर ८१७२. ८७२१ वजा १२७८, उत्तर ७४४३. ७४४३ वजा ३४४७, उत्तर ३९९६. ९९६३ वजा ३६९९, उत्तर ६२६४. ६६४२ वजा २४६६, उत्तर ४१७६. ७६४१ वजा १४६७, उत्तर ६१७४. बरोबर सात पायऱ्या. मग त्यांच्या निधनाचे वर्ष घेतले, १९८६. ९८६१ वजा १६८९ म्हणजे ८१७२, आणि पुढची वाट तीच. दोन्ही वर्षे ८१७२ वर एकत्र येतात आणि ६१७४ ला जाऊन मिळतात. हा योगायोग आहे, यात गूढ काही नाही. पण रात्री वहीवर ही आकडेमोड करताना अंगावर काटा आला, हे खोटे कशाला सांगू?

गूढ नाही, हे पुढे मला नीट कळले. उतरत्या क्रमाने अंक क, ख, ग, घ असतील, तर वजाबाकीचे उत्तर नेहमी ९९९ गुणिले (क − घ) अधिक ९० गुणिले (ख − ग) एवढे येते. म्हणजे चार अंक कोणते हे महत्त्वाचे नाही. केवळ दोन फरक महत्त्वाचे. नियमात बसणाऱ्या संख्या, १००० पासून मोजल्या तर, ८९९१ आहेत; परंतु पहिल्या वजाबाकीनंतर त्यांतून फक्त ५४ वेगवेगळी उत्तरे संभवतात. जवळजवळ नऊ हजार माणसांची गर्दी एका दारातून जाते आणि पलीकडे चोपन्नच बाहेर पडतात! मग त्या चोपन्नांचा माग काढणे एका शाळामास्तरालाही कागद-पेन्सिलीने शक्य होते. कापरेकरांनी हा शोध १९४९ साली मद्रास येथील गणित परिषदेत मांडला. पुढे तो अमेरिकेतील स्क्रिप्टा मॅथेमॅटिका या नियतकालिकात छापून आला.

आता देवळाली संख्यांकडे वळते, कारण माझी सरळ रेषा मला तिथे सापडली. एखादी संख्या घ्या आणि तिच्या अंकांची बेरीज तिच्यात मिळवा. १ पासून निघा : १, २, ४, ८, १६. सोळाचे अंक मिळून ७, म्हणून पुढे २३. मग २८, ३८, ४९, ६२, ७०, ७७, ९१, १०१, १०३, १०७. कापरेकरांच्या मनात प्रश्न आला, की अशा माळेत कोणाच्याच मागे न येणारी, जिला कोणी जन्म दिलेला नाही, अशी संख्या असते का? असते. ३ ही कशातूनही येत नाही. तसेच ५, ७, ९. आणि २० सुद्धा. कोणत्याही संख्येत तिचे अंक मिळवून २० होत नाहीत. अशा संख्यांना त्यांनी स्वयंभू म्हटले. इंग्रजीत त्या सेल्फ नंबर्स झाल्या आणि गावावरून देवळाली संख्याही. त्यांवरची पुस्तिका त्यांनी १९६३ साली देवळालीहूनच प्रसिद्ध केली. तोवर ते निवृत्त झाले होते.

या स्वयंभू संख्या मी आलेख कागदावर मांडल्या. आडव्या अक्षावर अनुक्रमांक, उभ्या अक्षावर संख्या. पहिल्या पाच, १, ३, ५, ७, ९, एका रेषेत आल्या, चढ २. पाचवा बिंदू (५, ९). तेथून पुढे २०, ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६, ९७, १०८. प्रत्येक वेळी एक घर उजवीकडे, अकरा घरे वर! बिंदू (५, ९), चढ ११. समीकरण य − ९ = ११ (क्ष − ५). सरांनी फळ्यावर शिकवलेले जसेच्या तसे. पट्टी ठेवली आणि चौदाव्या बिंदूपर्यंत रेघ ओढली. आता पंधरावी संख्या ११९ येणार, अशी मी पैज लावली असती.

आणि हरले असते. ११९ स्वयंभू नाही. १०९ मध्ये तिचे अंक १० मिळवले की ११९ होतात. पंधरावी स्वयंभू संख्या आहे ११०. रेषा १०८ पाशी तुटते, दोनच घरे चढून एक नवा बिंदू घेते आणि पुन्हा त्याच ११ च्या चढाने १२१, १३२ करीत २०९ पर्यंत जाते. मग पुन्हा तुटते आणि २११ पासून पुन्हा उभी राहते. पहिली रेषा आणि दुसरी रेषा समांतर आहेत. फळ्यावरची माझी चूक आठवली. चढ तोच, बिंदू वेगळा.

आणखी एक गोष्ट दिसली. ७ पासून निघालेली माळ ७, १४, १९, २९, ४०, ४४, ५२, ५९, ७३, ८३, ९४ अशी जाऊन १०७ वर येते, आणि १ पासून निघालेली माळही १०३ नंतर १०७ वरच येते. तेथून पुढे दोघींची वाट कायमची एक. दोन सरळ रेषा एका बिंदूत भेटल्या की पुढे फाकतात, कारण प्रत्येकीचा चढ आधीच ठरलेला असतो. कापरेकरांच्या माळेत चढ आधी ठरत नाही. तुम्ही जिथे उभे आहात त्यावरून पुढचे पाऊल ठरते. म्हणून एकदा भेटलेल्या माळा पुन्हा दुरावत नाहीत.

हे सगळे वाचून कोणी विचारील, की याचा उपयोग काय? तोच प्रश्न कापरेकरांच्या हयातीतही विचारला गेला. ते परिषदांना जात, आपले शोध वाचून दाखवीत; पण देशातल्या बऱ्याच गणितज्ञांना ही करमणूक वाटे. आक्षेप अगदीच अनाठायी नव्हता. यांतले पुष्कळसे गुणधर्म आपण दहाच्या पटीत संख्या लिहितो म्हणून आहेत. आठच्या किंवा बाराच्या पटीत लिहू लागलो तर ६१७४ चे सिंहासन डळमळते. गणिताच्या मोठ्या इमारतीचा हा पाया नव्हे. पदव्युत्तर पदवी नाही, पद नाही, आणि विषय असा! मग लेख लहानसहान नियतकालिकांत छापायचे किंवा पदरचे पैसे घालून पुस्तिका काढायच्या, हेच त्यांच्या वाट्याला आले. तरी त्यांचा चढ बदलला नाही. शाळा, शिकवण्या, आणि उरलेला सगळा वेळ अंक.

मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकन या मासिकातील आपल्या गणिती सदरात कापरेकर आणि त्यांच्या स्वयंभू संख्या यांची ओळख जगाला करून दिली. ते सदर जगभर वाचले जाई. त्यानंतर परदेशातले गणितज्ञ आणि संगणकवाले या संख्यांच्या मागे लागले, त्यांवर लेख येऊ लागले आणि मग मायदेशातही नाव ऐकू येऊ लागले. तेव्हा कापरेकर सत्तर वर्षांचे होते. शाळेतून निवृत्त होऊन तेरा वर्षे लोटली होती.

या तेरा वर्षांतला काळ सुखाचा नव्हता. १९६६ साली पत्नी गेली. राहणी अत्यंत साधी असूनही निवृत्तिवेतन पुरेना, म्हणून म्हातारपणी गणिताच्या आणि विज्ञानाच्या शिकवण्या कराव्या लागल्या. येथे मला थांबावेसे वाटते. साधेपणाचे कौतुक करणे सोपे असते; आपल्याकडे शिक्षकाच्या गरिबीला तर आपण अलंकारच मानतो. पण ज्याच्या नावाने एक स्थिरांक जगभर ओळखला जातो, त्याला पोटासाठी म्हातारपणी शिकवण्या धराव्या लागल्या, यात कौतुक करण्याजोगे काही नाही. त्यात आपल्या सर्वांची उणीव आहे. १९८६ साली देवळालीतच त्यांचे निधन झाले.

आज कोणत्याही देशातला विद्यार्थी संगणकाची भाषा शिकू लागला की त्याला सरावासाठी ६१७४ ची क्रिया हमखास दिली जाते. ती लिहिणाऱ्या मुलांना देवळाली नकाशावर कुठे आहे ते ठाऊक नसते. मला देवळाली ठाऊक होती, ६१७४ ठाऊक नव्हते. दोघांचे अज्ञान सारखेच म्हणायचे, पण माझ्या अज्ञानाला सबब नाही.

सर नेहमी सांगतात की, बिंदू आणि चढ या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. एकीवरून दुसरी कळत नाही. कोणी १० वर उभा असून घरामागे १ चढतो, कोणी १ वर उभा असून घरामागे २ चढतो. नवव्या घरात दोघे १९ वर एकत्र येतात, आणि पुढे दुसरा वर जातो. आमच्यापैकी अनेकजण सिन्नर, इगतपुरी, त्र्यंबक अशा बाजूंनी एस. टी. ने येतात, घरात पहिल्यांदाच महाविद्यालयाची पायरी चढतात. त्यांना हे उदाहरण फार आवडले. मलाही आवडले होते. पण कापरेकर गुरुजींचे चरित्र वाचल्यावर वाटते, की ते पुरते खरे नाही. माणसाचे आयुष्य पट्टीने मारलेली रेघ नसते. आई जाते, पत्नी जाते, पैसे पुरत नाहीत, विद्वान हसतात, रेषा तुटते. १०८ पाशी तुटली तशी. प्रश्न उरतो तो एवढाच, की नव्या बिंदूवरून पुन्हा तोच चढ धरता येतो की नाही. गुरुजींनी तो आयुष्यभर धरला, आणि तो कोणाच्या शाबासकीवर अवलंबून ठेवला नाही.

मी गणितज्ञ होणार नाही. बी. ए. नंतर बी. एड. करून शिक्षिका व्हावे, असे मनात आहे. आजवर हे सांगताना आवाज थोडा खाली जाई, जणू दुसरे काही जमले नाही म्हणून शिक्षिका. आता जाणार नाही. तो आलेख कागद मी वहीत जपून ठेवला आहे. परवा सरांना दाखवला. त्यांनी १०८ जवळची तुटलेली जागा बोटाने दाखवून विचारले, की येथे काय झाले. यावेळी मी उठून फळ्याजवळ गेले, आधी बिंदू मांडला, आणि मग सांगायला सुरुवात केली.